लस न घेतलेले म्हणजे नेमके कोण?

5 डिसेंबर 2019. पॅसिफिक महासागरातला सामोआ, जेमतेम दोन लाख वस्तीचा बेटांचा देश. सकाळपासून रस्ते रिकामे, दुकानं बंद, सरकारी ऑफिसं बंद. सरकारने सांगितलंय की आज आणि उद्या कुणी घराबाहेर पडायचं नाही, आणि ज्या घरात कुणाची गोवरची लस राहिलीय त्यांनी घरासमोर लाल कापड किंवा लाल झेंडा लावायचा, म्हणजे टीमला कळेल की इथे थांबायचंय. गाडी येते, लाल कापड दिसलं की थांबते, नर्स उतरतात, घरातल्या सगळ्यांना समोर बसवून टोचतात आणि पुढच्या घराकडे जातात.

आता तुम्ही म्हणाल की सरकारी लस, तीही फुकट, मग इतकी घरं राहिली कशी? त्यासाठी दीड वर्ष मागे जावं लागेल.

जुलै 2018 मध्ये सामोआतल्याच एका हॉस्पिटलमध्ये गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस दिल्यावर दोन तान्ही बाळं लगेच दगावली. ही लस छोट्या बाटलीत कोरड्या पावडरसारखी येते, टोचायच्या आधी त्यात ठरलेलं पाणी मिसळावं लागतं. इथे पाण्याऐवजी ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करायला देतात ते औषध मिसळलं गेलं, तेही एक्सपायर झालेलं. लसीत काही दोष नव्हता, चूक माणसाची होती, दोन नर्सना त्यासाठी पाच पाच वर्षांची शिक्षाही झाली. पण हे कोर्टात सिद्ध व्हायला वर्ष गेलं. त्या काळात सरकारने ही लस देणंच थांबवून ठेवलं होतं, कित्येक महिने. आणि सरकार गप्प बसलं की बाकीचे बोलायला लागतात, तसंच झालं, लस विषारी आहे, मुलं मारायला आणलीय, असल्या पोस्ट घरोघरी पोचल्या. त्या आईबापांना मी दोष देणार नाही. दोन बाळं खरंच गेली होती आणि का गेली हे त्यांना नीट कुणी सांगत नव्हतं. मी त्या जागी असते तर मलाही भीती वाटली असती.

2018 मध्ये सामोआत गोवरची लस मिळालेल्या बाळांचं प्रमाण 31 टक्क्यांवर आलं. पुढच्या वर्षी गोवर आला. 5,700 च्या वर लोक आजारी पडले, 83 जण गेले, आणि त्यातली बहुतेक पाच वर्षांच्या आतली मुलं होती. दोन लाखांच्या देशात 83, म्हणजे जवळपास प्रत्येकाच्या ओळखीतलं कुणीतरी.

गोवर म्हणजे अंगावर पुरळ, चार दिवस ताप, आमच्या लहानपणी सगळ्यांनाच व्हायचा, हे वाक्य तुम्ही पण ऐकलं असेल. व्हायचा हे खरंय, आणि त्यात मुलं मरायची हेही खरंय. गोवरचा पेशंट खोलीतून निघून गेला तरी त्याचा व्हायरस त्या हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो, आणि संरक्षण नसलेल्या दहा जणांचा संपर्क आला तर त्यातल्या नऊ जणांना तो होतो. बरं, पुरळ गेलं म्हणजे संपलं असंही नाही. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या 77 मुलांचं रक्त गोवरच्या साथीच्या आधी आणि नंतर तपासलं होतं, तो अभ्यास 2019 मध्ये छापून आला. त्यात दिसलं की इतर आजारांविरुद्ध शरीराने आधी कमावलेल्या अँटीबॉडींपैकी 11 ते 73 टक्के गोवरने पुसून टाकल्या होत्या. म्हणजे मूल गोवरातून उठतं आणि दुसऱ्याच कुठल्या तरी इन्फेक्शनपुढे पुन्हा उघडं पडतं.

आता वादातला सगळ्यात मोठा मुद्दा घेऊ. "लस घेऊन पण झालाच ना? मग उपयोग काय?"

गोवरच्या लसीचे दोन डोस साधारण 97 टक्के संरक्षण देतात. तीन टक्के सुटतात. आता हे गणित माझ्याबरोबर सावकाश करा. समजा एका शाळेत 1,000 मुलं आहेत, 990 मुलांचे दोन्ही डोस झालेत, 10 मुलांचा एकही नाही, आणि समजा व्हायरस सगळ्यांपर्यंत पोचला. लस घेतलेल्यांपैकी तीन टक्के म्हणजे साधारण 30 मुलं आजारी. न घेतलेल्या दहापैकी 9 आजारी. आता बातमी काय होईल? "39 मुलांना गोवर, त्यातल्या 30 जणांनी लस घेतलेली!" बातमीतला एकही आकडा खोटा नाही, आणि तरी वाचणाऱ्याचा पक्का समज होतो की लस निकामी आहे. खरं बघायचंय ते हे, की एका बाजूला शंभरातली 3 मुलं आजारी पडली आणि दुसऱ्या बाजूला शंभरातली 90. जितके जास्त लोक लस घेतील तितके आजारी लोकांमध्ये लस घेतलेले जास्त दिसणार, आणि सगळ्यांनीच घेतली तर आजारी पडणारा प्रत्येक जण लस घेतलेलाच असणार, दुसरं कुणी उरलंच नाही.

हेच 2021 च्या जुलैमध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्रोव्हिन्सटाउनमध्ये झालं. सुट्टीच्या गर्दीनंतर तिथे कोविडच्या 469 केसेस मोजल्या आणि त्यातले 74 टक्के लोक पूर्ण लसीकरण झालेले निघाले. जगभर हेडलाइन झाली. त्या 469 पैकी हॉस्पिटलमध्ये फक्त पाच जणांना न्यावं लागलं आणि मृत्यू एकही झाला नाही, हे मात्र फार कमी ठिकाणी छापलं गेलं.

पण इथे दुसऱ्या बाजूचंही ऐकून घेऊ, कारण त्यांच्या रागाला कारण आहे. 2020 च्या शेवटी फायझरच्या लसीचा 95 टक्के हा आकडा आला. तो आला कुठून? साधारण 43,000 लोकांची ट्रायल, अर्ध्यांना लस, अर्ध्यांना प्लासिबो म्हणजे नुसतं मिठाचं पाणी, आणि मग मोजलं की कोविड किती जणांना झाला, प्लासिबोवाल्यांत 162, लसवाल्यांत 8. यावरून 95 टक्के. आणि मोजला होता लक्षणं दिसणारा आजार, तोही पहिल्या काही महिन्यांतला. लस घेतलेला माणूस दुसऱ्याला व्हायरस देतो की नाही, हे त्या ट्रायलमध्ये मोजलेलंच नव्हतं. पण टीव्हीवरून लोकांपर्यंत पोचलं काय, तर लस घ्या, तुम्हालाही होणार नाही आणि तुमच्यामुळे कुणालाही होणार नाही. मग व्हायरस बदलला, डेल्टा आला, ओमायक्रॉन आला, लस घेतलेल्यांना घरोघरी ताप यायला लागला आणि लोकांना वाटलं आपल्याला फसवलं. गंभीर आजार आणि मृत्यू यापासून लस चांगलंच वाचवत होती, पण जे वचन द्यायलाच नको होतं ते मोडलं, आणि एकदा असं झालं की खरं सांगणाऱ्यावर पण विश्वास बसत नाही. याची किंमत पुढे गोवरसारख्या जुन्या, भरवशाच्या लसींनाही मोजावी लागतेय, आणि याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

मग जे घेत नाहीत त्यांचं काय करायचं?

हा प्रश्न दीडशेहून जास्त वर्षं जुना आहे. इंग्लंडमध्ये 1853 मध्ये बाळांना देवीची लस सक्तीची केली, पुढे दंड आले, आणि दंड भरला तरी सुटका नाही, पुन्हा नोटीस, पुन्हा दंड. पैसेवाला भरून मोकळा व्हायचा, गरिबाच्या घरातलं सामान लिलावात जायचं. त्या काळी लस टोचलेल्या एका मुलाच्या हातावरच्या फोडातला द्रव काढून दुसऱ्या मुलाला टोचायचे, त्यातून दुसरे आजार पसरल्याची उदाहरणं होती, त्यामुळे लोकांची भीती निव्वळ अडाणीपणाची नव्हती. 1885 मध्ये लेस्टर शहरात हजारोंचा मोर्चा निघाला, आणि शेवटी 1898 च्या कायद्यात मनापासून विरोध असलेल्या आईबापांना सूट मिळाली.

अमेरिकेत हेनिंग जेकबसन नावाच्या पाद्रीने देवीची लस घ्यायला नकार दिला, कारण आधीच्या लसीचा त्याला आणि त्याच्या मुलाला त्रास झाला होता असं त्याचं म्हणणं. दंड पाच डॉलर. तो सुप्रीम कोर्टात गेला आणि 1905 मध्ये 7 विरुद्ध 2 अशा निकालात हरला. कोर्ट म्हणालं, साथीच्या वेळी राज्याला असा नियम करता येतो, पण तो मनमानी नको. आणि लसीने ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्यावर सक्ती करता येईल असा आमच्या निकालाचा अर्थ काढू नका, हेही त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं.

कोविडमध्ये तर सगळे प्रकार झाले. सिंगापूरने 8 डिसेंबर 2021 पासून ठरवलं की मुद्दाम लस न घेतलेल्यांनी कोविडचं हॉस्पिटलचं बिल स्वतः भरायचं. ऑस्ट्रियाने आधी फक्त लस न घेतलेल्यांना लॉकडाऊन लावला, मग फेब्रुवारी 2022 मध्ये सगळ्या मोठ्यांसाठी सक्तीचा कायदा आणला, 3,600 युरोपर्यंत दंड, आणि दंड सुरू व्हायच्या आधी मार्चमध्येच तो थांबवला, नंतर रद्दच केला. ओमायक्रॉनपुढे लस प्रसार फारसा रोखत नाहीये, मग इतकी कडक सक्ती कशाच्या जोरावर, याचं पटेल असं उत्तर त्यांच्याकडे उरलं नव्हतं.

मला इथे फरक करावासा वाटतो. गोवरची लस प्रसार थांबवते, 95 टक्के मुलांना दोन डोस मिळाले तर साथ पसरायला जागाच राहत नाही, तिथे शाळेत घालताना डोसचा कागद मागणं मला योग्य वाटतं. जी लस मुख्यतः घेणाऱ्यालाच वाचवते तिच्यासाठी माणसाची नोकरी काढून घेणं मला पटत नाही. तिथे समजवा, परत समजवा, घराजवळ सोय करा. आणि दुष्परिणाम लपवू नका. 1999 मध्ये रोटाव्हायरसची एक लस आतड्याच्या एका दुर्मिळ त्रासामुळे साधारण वर्षभरातच बाजारातून काढून घेतली होती. यंत्रणा जागी असते हे लोकांना कळायचं असेल तर अशा गोष्टी आपणच आधी सांगायला हव्यात.

आणि "लस न घेतलेले" म्हटल्यावर डोळ्यांसमोर कायम तो हुज्जत घालणारा माणूस का येतो? सहा महिन्यांचं बाळ पण लस न घेतलेलंच असतं, कारण गोवरचा पहिला डोस बहुतेक देशांत नवव्या किंवा बाराव्या महिन्यात असतो. कॅन्सरवर केमो चालू असलेल्या मुलाला ही लस देताच येत नाही. हे दोघंही कुठल्याच वादात नसतात, आणि आजूबाजूच्यांनी डोस चुकवले की आधी यांच्यावर येतं.

मग ती मुलं, ज्यांच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा 2023 चा आकडा आहे, जगात एक कोटी 45 लाख बाळांना एकही डोस मिळाला नव्हता, आणि त्यातली निम्म्याहून जास्त युद्ध, अस्थिरता असलेल्या 31 देशांतली. त्यांच्या आईबापांनी नकार दिलेला नाही, त्यांना कुणी विचारलंच नाही. तिथे रस्ता तुटलाय, दवाखाना पडलाय, बर्फाच्या पेटीतली लस गरम व्हायच्या आत गावात पोचत नाही. दंड, बंदी, पासपोर्टवरचा शिक्का यातलं काहीच त्यांच्या कामाचं नाही, त्यांना ती पेटी, ती घेऊन जाणारा माणूस आणि त्याचा वेळेवर निघणारा पगार हवाय.