हतनूरच्या चिखलात पालथं पडून

हे हतनूर. तापीवरचं धरण. वरच्या अंगाला चांगदेवपाशी पूर्णा येऊन मिळते, आणि हे पसरलंय ते सगळं बॅकवॉटर. थंडीत उजाडताना आलात तर असंच दिसतं, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक आणि मधेच आपलं इथलंच हळदीकुंकू बदक.

बांधावर उभं राहून धडाधड क्लिक मारतोय तो आपला हीरो. कॉलेजचा पोरगा, सेकंडहँड डीएसएलआर, ७०-३०० मिमीची साधी झूम लेन्स. त्याचे हे पहिले फोटो बघा. पक्षी ओळखू येतोय, पण वरून काढल्यामुळं नुसती पाठ, आणि मागं गढूळ पाणी चिकटल्यासारखं. नवीन माणूस इथं अडकला की म्हणतो लेन्स छोटी पडते. नाही पडत हो, उभं राहणं नडतं.

जाळं आवरणारे काका जाता जाता बोलून गेले, "बस ना भो गुपचूप, येतीन ते जवळ."

बसला नाही, सरळ पालथाच पडला. कॅमेऱ्याखाली आहे तो जुन्या जीन्सचा कापलेला पाय, आत ज्वारी भरून दोन्ही तोंडं शिवलेली, झाली बीनबॅग. कोपरापर्यंत चिखल, शर्टचं वाटोळं. आणि आता हा शेकाट्या बघा, लाल काड्यांसारखे पाय, चोच पाण्यात, चालत चालत स्वतःच जवळ येतोय. लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आली की मागचं पाणी लांब जातं, धूसर होतं आणि पक्षी सुटा दिसतो. फोकस डोळ्यावरच. डोळ्यात उन्हाचा तो बारीक ठिपका आला की फोटो जिवंत वाटतो.

बगळ्याची भानगड वेगळी. पांढरा पक्षी, गडद पाणी, कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे म्हणून तो सगळं उजळतो आणि पिसं जळून नुसता पांढरा डाग उरतो, मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सेटिंग, मायनसमध्ये न्यायचं, आणि तारेवरचा कोतवाल आभाळापुढं काळा ठिक्कर येतो तेव्हा उलटं, प्लसमध्ये. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढलं तर नंतर थोडंफार सावरता येतं, जळलेलं मात्र परत येत नाही.

ऊन तापलं. आपल्याकडचं ऊन सांगायला नको, जमिनीवरून हवा थरथरते ती इथं दिसतेय, अशात लांबचा फोटो लाखाच्या लेन्सनंही शार्प येत नाही. कॅमेरा बॅगेत, भाकरी बाहेर.

बाभळीखाली विषय निघाला रानपिंगळ्याचा, म्हणजे जंगलातल्या छोट्या घुबडाचा, खान्देशात तो निघतोच. १८८४ नंतर या पक्ष्याचा खात्रीचा पुरावाच नव्हता. मधे माइनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१४ सालचा म्हणून एक मेलेल्या पक्ष्याचा जपलेला नमुना दाखवला, गुजरातेतला. तो निघाला चोरीचा, जेम्स डेव्हिडसन या जुन्या पक्षी-संग्राहकानं आपल्या खान्देशात गोळा केलेल्यांपैकीच एक, नुसतं लेबल बदललेलं! त्या खोट्या लेबलापायी लोक भलतीकडंच शोधत बसले. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून सोबत्यांबरोबर इकडं आल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पक्षी दिसला. दिवसाउजेडी, निष्पर्ण फांदीवर. दिवसा बसतो म्हणूनच फोटोवाले मागं लागतात, मोबाईलवर आवाज वाजवून बोलावतात, ढोलीपाशी गर्दी करतात, पिल्लं उपाशी राहतात. लोकेशन टाकू नका, एवढं ऐकाच.

चार वाजून गेले, उजेड मऊ झाला आणि नदी सुरय आले. पिवळी चोच, काळी टोपी, पाण्यावर घिरट्या. आता शटर १/२००० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर, फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे पक्षी हलला तरी तो धरून ठेवतो. पक्षी डोक्यावर आल्यावर कॅमेरा उचलला की गेलाच, त्याला लांबूनच फ्रेममध्ये धरायचं आणि कंबर वळवत सोबत जायचं. हा बघा सूर मारला, चोचीत मासा. डोळा शार्प, पाण्याचे थेंब हवेत अडकलेले. डाव्या पंखाचं टोक मात्र कापलं गेलं, कारण पठ्ठ्या झूम पूर्ण ३०० वर लावून होता. उडत्या पक्ष्याला २०० वरच राहा, जागा सोडा, क्रॉप घरी करता येतं.