मोसंबी सालीत असते, रसात नव्हे

(जळगावात महिला मंडळासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बेकरीची भट्टी खान्देशात कोणाला नवीन नाही. घरून रवा, मैदा, पिठीसाखर, तूप मोजून न्यायचं, बेकरीत नंबर लावायचा आणि नानखटाईचे डबे भरून आणायचे, हे इथे बसलेल्या बहुतेकींनी केलेलं आहे. तेव्हा ‘बेकिंग म्हणजे काहीतरी परकं’ असं कोणी म्हटलं, की मला ते पटत नाही. माल आपला होता, फक्त आच बेकरीवाल्याची होती. आजचा विषय आहे संत्र्या-मोसंबीचे बेकरीसारखे मफिन घरी करणं. त्यातली निम्मी मेख आचेत आहे आणि निम्मी सालीत. मैदा-साखर कोणत्याही किराणा दुकानातली चालते.

बेकरीसारखा म्हणजे कसा? कागदाच्या वर टम्म आलेला, माथ्यावर तडा गेलेला, कडेला किंचित कुरकुरीत आणि फोडला की संत्र्याचा वास येणारा. घरचा बहुतेक वेळा सपाट, फिकट आणि वासाला नुसता व्हॅनिलाचा होतो. मग शोध सुरू होतो, की बेकरीवाला नेमकं काय घालतो. एखादा बेकरीवाला इसेन्स घालतही असेल, पण तो टम्म माथा कुठल्या पुडीतून येत नाही.

आधी साल. शाळेत असताना संत्र्याची साल दुमडून शेजारणीच्या डोळ्यात पिचकारी मारली नाही, अशी बाई मला दाखवा. डोळ्याला झोंबायचं ते तेल. हे बघा, साल या निरांजनाजवळ धरून दाबते. दिसलं? चुरचुर ठिणग्या उडाल्या ना? तेल आहे म्हणूनच पेटलं. या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचं वासाचं द्रव्य असतं. ते पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं, आणि उकळतं सुमारे १७६ अंशांना. मफिनच्या आतलं तापमान भाजताना शंभरीच्या वर जात नाही, म्हणून वास बराचसा आतच राहतो. रसात मात्र मुख्यतः पाणी, साखर आणि आम्ल. वाटीभर रस ओतला की बॅटर पातळ होतं, माथा बसतो आणि वास तर येतच नाही. मोसंबीच्या रसाची आणखी एक खोड आहे. रसवंतीवाला ग्लास पुढे करून ‘लगेच प्या’ म्हणतो ना? काढलेला रस ठेवला की त्यातल्या आम्लामुळे लिमोनिन नावाचं कडू द्रव्य हळूहळू तयार होतं. नाव सारखं वाटलं, तरी सालीतलं लिमोनीन वेगळं आणि हे वेगळं. म्हणून रस घालायचाच तर दोन मोठे चमचे, तोही आयत्या वेळी काढलेला, आणि मोसंबीचा नको, लिंबाचा. मोसंबीत आंबटपणा फार थोडा असतो.

फळं कोणती घ्यायची? भडगाव-पाचोऱ्याकडे मोसंबीच्या बागा आहेत, तिकडचं ओळखीतलं फळ मिळालं तर उत्तम. बाजारातलं फळ फार चकचकीत दिसत असेल तर त्यावर मेणाचा हात असू शकतो. गरम पाण्यात बुडवून फडक्याने खसखसून पुसा. नागपुरी संत्र्याचा वास मोसंबीपेक्षा मोकळा, पण साल सुटी आणि पोचट, त्यामुळे किसणीवर ती दबते. ती सोलण्याआधीच किसायची, हलक्या हाताने, फळ फिरवत. कागदी लिंबाची साल इतकी पातळ, की दुसऱ्या फेरीला पांढरं लागतं. आणि पांढरं लागलं की कडू झालंच म्हणून समजा. तीन मोसंबी किंवा दोन संत्री आणि वर एकच लिंबू, एवढा कीस मला बरोबर वाटतो. लिंबाचा जास्त झाला तर भांडी घासायच्या साबणाची आठवण येते, कारण तिथेही तोच वास घातलेला असतो.

किसणी बारीक दातांची, धारदार हवी. आता मिळते ती लांबट पट्टीसारखी किसणी मुळात सुतारकामाची कानस होती. १९९०च्या दशकात कॅनडात हत्यारांच्या दुकानवाल्या घरातल्या एका बाईंनी संत्र्याच्या केकसाठी ती ओट्यावर आणली, आणि तिथून ती स्वयंपाकघरात रुळली. नसेल तर जायफळ किसायची किसणी चालते, वेळ लागतो इतकंच.

कीस सरळ पिठात टाकू नका. परातीत साखर घ्या, कीस टाका आणि बोटांच्या चिमटीत चोळा. दोन-तीन मिनिटांत साखर ओलसर होते, रंग पिवळट होतो, बोटांना चिकटते. साखरेच्या खरखरीने तेलाच्या पिशव्या फुटतात आणि तेल साखरेत उतरतं. ही परात मागच्या रांगेपर्यंत फिरवते. घ्या, वास घ्या. अजून ओव्हन लावलेलाही नाही.

आता माप सांगते, लिहून घ्या. मैदा २५० ग्रॅम, साखर १६०, बेकिंग पावडर दोन छोटे चमचे, खाण्याचा सोडा पाव चमचा, मीठ अर्धा चमचा. हे कोरडं. ओल्यात दोन अंडी, घट्ट दही १७० ग्रॅम, पातळ केलेलं लोणी किंवा बिनवासाचं तेल १०० ग्रॅम आणि तो लिंबाचा रस. शेंगदाणा तेल या कामाला नको. आपल्याकडचं घाण्याचं तेल भरताला सोन्यासारखं, पण इथे ते संत्र्याला बोलू देत नाही. दही पाणचट असेल तर फडक्यात अर्धा तास टांगा. एप्रिल-मेमध्ये सकाळचं दही संध्याकाळी आंबतं. ते फेकू नका, सोड्याला आंबटच लागतं.

बेकिंग पावडरीबद्दल एक सांगायला हवं. १८४३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या गृहस्थाने ती तयार केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. या बायकोने किती घरांत केक फुलवले, याचा हिशोब कोणी मांडलेला नाही! पण डबा उघडून वर्ष झालं असेल तर पावडर मेलेली असू शकते. चिमूटभर गरम पाण्यात टाका. फसफसली तर ठीक, नाहीतर नवीन आणा.

आता हात. खान्देशातल्या बाईला इथेच सगळ्यात जड जातं. आपला हात मांड्यांचा, म्हणजे खापरावरच्या पुरणपोळीचा. वस्त्रगाळ पीठ पाणी लावून आपटायचं, तिंबायचं, इतकं की तो गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत पसरावा आणि तरी फाटू नये, मग तो खापरावर टाकायचा. गव्हातली प्रथिनं पाण्यात भिजून रगडली गेली की ग्लुटेनची जाळी होते, ती जाळी म्हणजेच मांड्याची सगळी करामत. मफिनला नेमकी तीच नको असते. कोरड्याच्या मध्ये खळगा करून ओलं ओता, आणि उलथन्याने तळापासून वर, दहा-बारा वेळा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात बाजूला. गुठळ्या राहू द्या. मला माहीत आहे, गुठळी दिसली की आपल्याला झोप येत नाही. पण घोटलेल्या बॅटरचा मफिन रबरी होतो आणि कापला की आत उभे बोगदे दिसतात.

बॅटर चमच्यातून पडताना गोळा पडला पाहिजे, धार लागता कामा नये. झाकून अर्धा तास ठेवा. पिठातला स्टार्च पाणी पितो आणि बॅटर आणखी घट्ट होतं. घट्ट बॅटर आडवं पसरत नाही, वर चढतं. एवढा वेळ थांबताना पावडर वाया जात नाही का? डब्यावर ‘डबल ॲक्शन’ असेल तर नाही, कारण तिचा मोठा जोर ओव्हनमध्ये तापल्यावर येतो.

आणि आता आच. बेकरीच्या विटांच्या भट्टीत उष्णता साठलेली असते. पाव कडक आचेवर होतो, टोस्ट नंतरच्या उबेवर वाळतो. आपल्या ओटीजीचं, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनचं, तसं नाही, दार उघडलं की निम्मा जीव जातो. म्हणून दोन्ही रॉड लावून २२० अंशांवर पूर्ण २० मिनिटं तापवा, दिवा विझला म्हणून घाई करू नका. ट्रे मधल्या कप्प्यात. पहिली सहा-सात मिनिटं २२०, मग दार न उघडता १८० वर आणून आणखी १३ ते १५ मिनिटं. कडक आचेत कडा लवकर धरतात, मधलं बॅटर अजून मऊ असतं. त्यात वाफ आणि वायू जोर करतात, बाजूंना जागा नसते, म्हणून ते मधून वर येतं आणि माथा तडकतो. पहिल्यापासून १७० वर ठेवलं तर सगळं सावकाश, सारखं धरतं आणि वरून सपाट राहतं. चव तीच, ऐट गेली.

साचा काठोकाठ भरा. पाककृतीत ‘दोन तृतीयांश भरा’ लिहिलेलं असतं, ते कपकेकला ठीक आहे. आणि एक आड एक खण भरा, गरम हवेला फिरायला वाट मिळते. साचा नसेल तर स्टीलच्या जाड वाट्या तूप-मैदा लावून ट्रेमध्ये मांडा, छान होतात. कढईत मीठ किंवा वाळू तापवून करता येतात, पण झाकणाखाली वाफ कोंडते आणि वरून आच मिळत नाही. मऊ होतील, बेकरीसारखे होणार नाहीत. हे तोंडावर सांगितलेलं बरं. मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शनवर, म्हणजे गरम हवा फिरते त्या सेटिंगवर.

(इथे श्रोत्यांमधून प्रश्न आला: “आमना घरमा अंडं चालत नही, मंग कसं?”)

ताई, निम्म्या जळगावचा प्रश्न विचारलात. अंडी काढा, दही २५० ग्रॅम करा, सोडा अर्धा चमचा, पावडर दीड चमचा. पण मग बॅटर अर्धा तास ठेवू नका. सोडा दह्याला लागल्याबरोबर कामाला लागतो, म्हणून दहा मिनिटांत ट्रे आत गेला पाहिजे. तडा थोडा कमी येईल, रंगही फिका. वर साखरेची चिमूट भुरभुरलीत तर रंग सुधारतो. दुधाची पावडर, कस्टर्ड पावडर असं काही मी घालत नाही, संत्र्याचा वास त्याखाली दबतो.

मे महिन्यात करायचे असतील तर सकाळी सहाला ओव्हन लावा. भुसावळ-जळगावच्या उन्हात दुपारी २२० अंशांचा डबा घरात पेटवायला वेगळं धैर्य लागतं.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं साच्यात, मग जाळीवर. साच्यात विसरले तर तळाला घाम सुटतो. कागद गरम असताना ओढू नका, मफिनचा कडेचा थर त्याच्याबरोबर निघतो. माथ्याचा कुरकुरीतपणा त्या दिवसापुरताच, दुसऱ्या दिवशी साखर हवेतलं पाणी ओढून माथा मऊ करते. वास मात्र दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेला असतो. मला तेच आवडतात, माझ्या घरात कोणाला आवडत नाहीत. उरले तर फ्रीझरमध्ये टाका, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात नको, तिथे ते बाहेरपेक्षाही लवकर शिळे होतात. खाताना १६० अंशांवर सात-आठ मिनिटं दिली की कडा परत धरतात.

आणि ती साल किसलेली मोसंबी टोपलीत तशीच ठेवू नका. वरचं कवच गेल्यावर ती दोन दिवसांत सुकून टणक होते. त्याच दिवशी रस काढा, आणि काढला की लगेच प्या.