कचराखोलीचं दार

[प्लॅटफॉर्मच्या कडेवरून खाली, रुळांकडे]

गाडी सुटते, तिचा आवाज बोगद्यात विरतो आणि दोन रुळांमधल्या नालीत हालचाल सुरू होते. हा तपकिरी उंदीर, नॉर्वे रॅट. अठराव्या शतकात तो जहाजांबरोबर न्यूयॉर्कला पोचला. 1904 साली इथे भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा तो या शहराचा जुना रहिवासी होता.

नालीतलं हे पाणी जमिनीतून पाझरतं. पाऊस नसला तरी रोज सुमारे 5 कोटी लिटर पाणी पंपांनी उपसावं लागतं. म्हणजे उंदराच्या पिण्याची सोय बाराही महिने झालेली. खायला त्याला लागतं दिवसाकाठी तीसेक ग्रॅम. पिझ्झाच्या एका तुकड्यात तीन-चार उंदरांचा दिवस निघतो. 2015 च्या सप्टेंबरमध्ये फर्स्ट अव्हेन्यू स्थानकाच्या जिन्यावरून असाच एक तुकडा ओढत नेणारा उंदीर जगभर गाजला. लोकांनी उंदीर पाहिला. पाहायला हवा होता तो तुकडा.

[स्थानकाच्या टोकाचं लोखंडी दार]

भुयारी रेल्वेतले उंदीर बोगद्यात खोलवर राहतात, असा समज आहे. उंदरांचे अभ्यासक रॉबर्ट कॉरिगन आणि शहराचा आरोग्य विभाग यांनी लोअर मॅनहॅटनमधल्या स्थानकांची पाहणी केली, तेव्हा वेगळंच दिसलं. बोगद्यात खायला काय असणार? उंदीर राहतात स्थानकातच, टाइल्समागच्या पोकळीत, फुटक्या भिंतींच्या सांदीत. आणि त्यांचा सगळा व्यवहार चालतो या दाराभोवती. ही कचराखोली. डब्यांमधल्या पिशव्या कर्मचारी इथे आणून ठेवतात आणि रात्री कचऱ्याची खास गाडी येऊन त्या उचलते. गाडी येईपर्यंत काही तास, उशीर झाला तर त्याहून जास्त वेळ, पातळ प्लास्टिकमधलं हे अन्न इथेच पडून असतं.

भिंतीच्या तळाशी हा काळपट, तेलकट पट्टा बघा. उंदीर भिंतीला अंग घासत एकाच वाटेनं ये-जा करतो; त्याच्या केसांतलं तेल आणि मळ साचून हा पट्टा तयार होतो. पट्टा जिथे संपतो तिथे भोक असतंच. ते वापरात आहे की नाही, हे वर्तमानपत्राचा बोळा सांगतो. भोकात कागद सैलसर कोंबायचा आणि दोन दिवसांनी यायचं. बोळा बाहेर पडला असेल तर उंदीर आत आहेत. असं भोक लगेच बुजवायचं नाही. आधी आतले उंदीर पकडायचे. नाहीतर ते दुसरीकडून भिंत कुरतडून निघतात किंवा आतच मरतात आणि पुढे कित्येक दिवस वास आणि माश्या.

[चाप लावणारे हात, जवळून]

चाप म्हणजे स्प्रिंगचा सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीला टेकवून. पहिले काही दिवस तो ताणायचाच नाही, नुसतं आमिष ठेवायचं. वाटेतली नवी वस्तू उंदीर टाळतो. ती ओळखीची झाली की मगच तोंड लावतो. घाईनं पहिल्याच रात्री ताणलेले चाप सकाळी बहुधा रिकामे मिळतात.

मग भोकं. अर्ध्या इंचाची फट मोठ्या उंदराला पुरते. फोम भरला तर तो कुरतडतो. नुसतं सिमेंट भरलं तर ते ओलं असतानाच उकरतो. लोखंडी काथ्या या दमटपणात गंजून भुगा होतो. म्हणून तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी आधी आत घट्ट ठासायची आणि तिच्यावर सिमेंटचा माल भरायचा. केबलचे पाइप भिंतीत शिरतात ती जागा हटकून राहून जाते.

[खोलीत अंधार, दाराखालून उजेडाची रेघ]

दाराची परीक्षा अशी: आत जाऊन दार लावायचं, दिवा मालवायचा. जिथून उजेड येतो, तिथून उंदीर येतो. फट पाव इंचापेक्षा कमी हवी. नुसत्या रबराची पट्टी कोपऱ्यातून कुरतडली जाते. आत स्टीलची जाळी असलेली किंवा सरळ धातूची पट्टी लावावी लागते.

हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचे फोटो चांगले येत नाहीत, म्हणून विषाच्या पेट्या जास्त लोकप्रिय. पण रक्त गोठू न देणारं विष खाऊन उंदीर मरायला काही दिवस लागतात, आणि शेजारी ताजा कचरा असताना तो विषाच्या वड्यांकडे वळेलच असं नाही. जे वाचतात त्यांचं काय? मादीचा गाभणकाळ 21 ते 23 दिवस, एका वेताला आठ ते बारा पिल्लं, आणि दोन-तीन महिन्यांत ती पिल्लंही विणीला तयार. अन्न तेवढंच राहिलं की संख्या पुन्हा तेवढीच होते. विष मात्र उंदरापाशी थांबत नाही. सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातून सुटलेलं फ्लॅको हे घुबड फेब्रुवारी 2024 मध्ये इमारतीवर आदळून मेलं. त्याच्या शरीरात उंदराच्या विषाचे चार प्रकार सापडले.

[डबे नसलेला प्लॅटफॉर्म]

2011 मध्ये उलटा प्रयोग झाला: दोन स्थानकांवरचे कचऱ्याचे डबेच काढले. पुढे हा प्रयोग 39 स्थानकांपर्यंत गेला आणि 2017 मध्ये गुंडाळला. डबा गेला म्हणून प्रवाशाच्या हातातलं खाणं गेलं नव्हतं. त्यातलं काही रुळांवर पडू लागलं. आणि रूळ झाडायला इथे निवांत वेळ नसतो. मुंबईची भुयारी मेट्रो रात्री थांबते. न्यूयॉर्कची, करोनाकाळातलं एक वर्ष सोडलं तर, चोवीस तास धावते. कचरा शोषणारी गाडी दोन गाड्यांच्या मधे घुसवावी लागते.

आजार आहेतच. 2014 मध्ये कोलंबिया विद्यापीठानं या शहरातल्या 133 उंदरांच्या तपासणीत आधी अज्ञात असलेले 18 विषाणू नोंदवले. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप, इथेही होतो. 2005 च्या पुरानंतर मुंबईकराला तो वेगळा सांगायला नको.

आता भर आहे गर्भनिरोधक आमिषावर. इथल्या भुयारी रेल्वेत त्याची चाचणी 2013 मध्ये झाली होती, आणि 2024 मध्ये शहरानं फ्लॅकोच्या नावानं त्यासाठी कायदाही केला. या आमिषानं पक्षी मरणार नाहीत, हे चांगलंच. पण उंदरानं ते पुन्हा पुन्हा खायला हवं, म्हणजे त्यालाही याच पिशव्यांशी स्पर्धा आहे.

[दारातून आत जाणारी कचऱ्याची ढकलगाडी]

म्हणून पुन्हा पुन्हा यायचं ते इथेच. ढकलगाडीचं चाक रोज याच पट्टीवर आदळतं, तिचे स्क्रू ढिले होतात, कोपरा वर उचलला जातो. महिन्यातून एकदा दिवा मालवून दार तपासायचं. पट्टी वाकली असेल तर ठोकून सरळ करून भागत नाही, नवी लावायची. आणि पिशव्या उचलून व्हायच्या आत दार उघडं राहणार नाही, यासाठी ते आपोआप बंद करणारी स्प्रिंगही त्याच वेळी बघून घ्यायची.