मेट्नरची गाणी: आधी शब्द, मग सूर

श्रोतेहो, नमस्कार. रशियन गाणं म्हटलं की चायकोव्हस्की, रखमानिनोव्ह ही नावं पुढे येतात. निकोलाय मेट्नर मागेच राहतो. 1880 साली मॉस्कोत जन्म, 1921 मध्ये देश सोडला, 1951 मध्ये लंडनला मृत्यू. गळा आणि पियानो यांच्यासाठी त्याने शंभरावर गाणी लिहिली. त्याच्या ध्वनिमुद्रणांना पैसा पुरवला तो म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांनी! 1950 मध्ये एलिझाबेथ श्वार्त्सकोफ त्याची गाणी गायली, पियानोवर खुद्द मेट्नर. ऐकायला तिथूनच सुरुवात करावी.

गायला घ्यायचं तर ‘हिवाळी संध्याकाळ’ घ्या. पुश्किनची 1825 मधली कविता. पहिली ओळ: ‘बूऱ्या म्ग्लोयु न्येबा क्रोयित’, म्हणजे वादळ काळोखानं आभाळ झाकतंय. लिहिलेलं असतं ‘नेबो’, पण शेवटच्या ‘ओ’वर आघात (उच्चारातला जोर) नाही, म्हणून तो ‘आ’कडे झुकतो. रोमन लिपीतून पाठ केलं की हमखास घोटाळा होतो, कारण तिथे आघाताची खूण नसते. ‘जामक’ म्हणजे गढी, ‘जमोक’ म्हणजे कुलूप (‘ज’ जोरमधला). रशियनमध्ये लिहायला दोन्ही सारखेच. शब्दकोशात बघून प्रत्येक आघात पेन्सिलीनं खुणावून घ्या.

बाकी मराठी जिभेची इथे चैन आहे. रशियन त आणि द आपल्यासारखेच दंत्य, आणि ‘चमचा’तला च व ‘चिमणी’तला च हे दोन्ही त्या भाषेत वेगवेगळी अक्षरं आहेत. अडतो तो ‘ख’: आपला फुटतो, त्यांचा घशात घासत जातो.

दोन दिवस नुसती कविता वाचा. मग लयीत बोला, सूर नको. त्यानंतर गळा आणि पियानोचा फक्त डावा हात, उजवा शेवटी. आपली पेटी गायकाच्या मागे चालते, मेट्नरचा पियानो चालत नाही. वादकानं बोटांच्या वेगावर लय धरली की गायकाला श्वासाला जागा उरत नाही. म्हणून ओळ बोलताना जी लय येते तीच धरायची.

पियानोचं झाकण आखूड दांडीवर ठेवा. पूर्ण बंद केलं तर आवाज दबतो आणि वादक अधिकच ठोकतो. खालचा सूर बदलला की पेडल (सूर लांबवणारी पायपट्टी) सोडलंच पाहिजे, नाहीतर व्यंजनं बुडतात. पट्टी उतरवलीत तर हे दुप्पट जपा: डावा हात आणखी खाली जातो आणि घुमायला लागतो.