जीमेल उघडेना झालं तर कुठे धावायचं

मंडळी, जीमेलने पासवर्ड चुकीचा आहे म्हटलं की आपल्याकडे पहिलं काय होतं, तर कस्टमर केअर नंबर सर्च केला जातो. तेवढं सोडून बाकी काहीही करा. फुकटच्या जीमेल अकाउंटसाठी फोन उचलायला गूगलने कुणालाही बसवलेलं नाही, त्यामुळे सर्चमधल्या त्या नंबरवर जो फोन उचलतो तो चोरच समजायचा, आधी स्क्रीन शेअरचं अ‍ॅप टाकायला लावतो, मग ओटीपी मागतो, म्हणजे मेल तर गेलाच वर बँकेचे पैसेही.

जायचं ते रिकव्हरी पेजवर, म्हणजे अकाउंट परत मिळवायच्या गूगलच्या पानावर. जी डॉट को स्लॅश रिकव्हर (g.co/recover), एवढं स्वतः टाईप करायचं. तिथे निर्णय बहुतेक सगळा मशीनचा असतो आणि मशीनला तुम्ही रिटायर्ड हेडमास्तर असलात काय नि नसलात काय, सारखंच. ते बघतं की ह्या फोनवरून हे अकाउंट आधी वापरलंय का, ब्राउजर तोच का, जागा नेहमीची का. म्हणून घाबरून पुतण्याच्या नव्या लॅपटॉपवर नाहीतर नाक्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन जे खटाटोप करतात ना, ते मला अजिबात पटत नाही, तिथे तुम्ही मशीनला चोरासारखेच दिसता! घरी बसा, घरचं वायफाय लावा, कपाटात तडकलेल्या स्क्रीनचा जुना फोन पडला असेल आणि त्यावर मेल चालत होता तर तोच चार्जिंगला लावा. शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारतात, नक्की आठवत नसेल तरी जवळपासचा टाका, चुकलात म्हणून कोणी बाहेर काढत नाही, प्रश्न मोकळा मात्र सोडू नका.

आणि हे आज-उद्यावर ढकलायचं नाही. चोर आत शिरला की पहिल्यांदा तुमचा रिकव्हरी नंबर, म्हणजे अकाउंट परत मिळवायचा कोड ज्यावर येतो तो नंबर बदलतो, पण त्यानंतर ७ दिवसांपर्यंत जुन्या नंबरवर किंवा जुन्या मेलवर कोड मागवायचा पर्याय मिळू शकतो. गावाला लग्न आहे, आल्यावर बघू म्हणाल तर तोही हातचा जाईल.

आता समजा मेल परत मिळाला. पासवर्ड बदलला, चहा घेतला, संपलं? खरी गंमत इथेच आहे. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, फोनच्या अ‍ॅपमध्ये हे दिसत नाही, सेटिंग्जमध्ये फिल्टर्स म्हणून टॅब आहे तिथे जा. चोराने तिथे एक नियम करून ठेवलेला असू शकतो, की ज्या मेलमध्ये बँकेचं नाव किंवा ओटीपी हा शब्द येईल तो थेट ट्रॅशमध्ये टाक. तुम्हाला वाटतं बँकेकडून काही आलंच नाही. शेजारच्या टॅबमध्ये फॉरवर्डिंग बघा, कुठल्या तरी अनोळखी पत्त्यावर तुमच्या सगळ्या मेलची कॉपी जात असेल, आणि ती पासवर्ड बदलला तरी जातच राहते. हे दोन्ही उडवा, मग गूगल अकाउंटमधल्या डिव्हाइसच्या यादीत जो फोन ओळखीचा नाही तो साइन आउट करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, इकडे मेलशी झटापट चालू असली तरी तो आधी.

मागून एक काका विचारतायत, हॅक नाही, गूगलनेच बंद केलं तर? होतं की. दुकानाच्या नावाने अकाउंट काढलं आणि जन्मतारखेच्या जागी दुकानाच्या उद्घाटनाची तारीख टाकली, गूगल म्हणतं हे तर १३ वर्षांच्या आतलं पोर, की अकाउंट डिसेबल. तिथे मात्र ओळखपत्र किंवा क्रेडिट कार्ड दाखवून वय सिद्ध करता येतं, पण मुदत असते. बाकी कारणाने बंद झालं तर अपील करायचं, मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं, २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे त्याने साधारण ७ दिवसांत (२०२६ च्या बदलाआधी १५ होते) निकाल द्यायचा असतो, नाही पटला तर ३० दिवसांत सरकारच्या अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. वेळखाऊ आहे, पण रस्ता आहे.

दुबईला नाहीतर अमेरिकेला मुलं असणाऱ्यांनी एक ऐका. इकडचं सिम रिचार्जविना बंद पडलं की ९० दिवसांनंतर तो नंबर दुसऱ्याला मिळू शकतो आणि तुमच्या पोराचे रिकव्हरी कोड त्या भल्या माणसाकडे जायला लागतात. त्यापेक्षा बॅकअप कोड, म्हणजे फोनवर कोड येत नसेल तेव्हा वापरायचे आकडे, गूगल अकाउंटमधून आधीच काढून ठेवा, १० मिळतात, एकेक एकदाच चालतो, प्रिंट काढून पासबुकाच्या पिशवीत टाका, फोनमध्ये फोटो काढून नाही हां, फोनच गेला तर काय करणार. ज्यांनी फोन आणलेत त्यांनी पुढे या, सध्या रिकव्हरीला कुठला नंबर घातलाय तो आधी बघू.