टॅकोमाचं धुराडं आणि अंगणातलं आर्सेनिक

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, टॅकोमा शहराला लागून, समुद्राच्या काठी हे धुराडं १९१७ मध्ये उभं राहिलं. उंची सुमारे १७० मीटर. कारखाना असार्कोचा, म्हणजे अमेरिकन स्मेल्टिंग अँड रिफायनिंग कंपनीचा. इतर भट्ट्यांना नको असलेलं, आर्सेनिकने भरलेलं तांब्याचं खनिज इथे यायचं, अगदी फिलिपिन्समधल्या लेपांतो खाणीतूनसुद्धा.

असं खनिज भाजलं की आर्सेनिक वाफ होऊन निघतं. विटांच्या खोल्यांमधून ही वाफ फिरवून थंड केली की पांढरी भुकटी साचते. कीटकनाशकांसाठी ती विकली जायची. खोल्यांत जे अडकलं नाही, ते धुराड्यातून गेलं. धुराडं उंच केल्याने विष कमी होत नाही, लांब जाऊन पडतं. इथे ते सुमारे २,६०० चौरस किलोमीटरवर पडलं.

आर्सेनिक कुजत नाही. मातीतल्या लोहाला धरून ते वरच्या वीत-दीड वीत थरातच राहतं, म्हणजे मुलं खेळतात आणि भाजीचे वाफे होतात तिथेच. मातीतल्या आर्सेनिकसाठी राज्याची मर्यादा २० पीपीएम, म्हणजे दर दहा लाख भागांत २० भाग. अंगणाची सरासरी १०० पीपीएमच्या वर गेली, तर माती उकरून नवी भरून देण्याची सरकारी योजना आखली गेली.

भट्टीत तांबं काढून उरलेली मळी, म्हणजे स्लॅग, खडी म्हणून विकली गेली. ओंडक्यांच्या यार्डांत ती पसरली, आणि भिजलेल्या सालींच्या आम्लाने तिच्यातले धातू पाण्यात सुटले.

तांब्याची भट्टी १९८५ मध्ये थांबली. धुराडं जानेवारी १९९३ मध्ये सुरुंग लावून पाडलं. १९९९ मध्ये ग्रुपो मेक्सिकोने असार्को विकत घेतली. २००३ मध्ये असार्कोकडचे सर्वांत मोलाचे, सदर्न पेरू कॉपर या खाण कंपनीचे शेअर त्याच समूहातल्या दुसऱ्या कंपनीकडे वळवले गेले. ऑगस्ट २००५ मध्ये असार्कोने दिवाळखोरी जाहीर केली.

दिवाळखोरीत साफसफाईच्या दाव्यांना एरवी डॉलरमागे काही सेंटच मिळतात. पण टेक्सासमधल्या फेडरल न्यायालयाने ते हस्तांतर फसवं ठरवलं आणि २००९ मध्ये शेअर परत करायला लावले. तांब्याचे भावही चढलेले होते, त्यामुळे देणी फेडायला पैसा होता. त्याच डिसेंबरात १९ राज्यांतल्या ८० हून अधिक दूषित जागांच्या साफसफाईसाठी १.७९ अब्ज डॉलर मिळाले. टॅकोमाच्या अंगणांची माती याच पैशातून बदलली जाऊ लागली.

आजूबाजूच्या जंगलांत मात्र माती कधी हललीच नाही, म्हणून तिथे आर्सेनिक अनेकदा अंगणांपेक्षा जास्त सापडतं. अशा जमिनीवर घरं बांधायची, तर झाडं पाडण्याआधी माती तपासून घ्यायला हवी.