आधी ओझं उतरतं, मग माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

विमानातून उडी मारणारा सैनिक म्हटलं की आपल्याला पॅराशूट दिसतं. आज मी त्याला लटकलेल्या ओझ्याबद्दल बोलणार आहे.

6 जून 1944. दुसरं महायुद्ध सुरू होतं. मध्यरात्र उलटल्यावर अमेरिकी पॅराट्रूपर जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, नॉर्मंडीत उतरू लागले. पाठीवर मुख्य पॅराशूट, पोटावर राखीव. शिवाय रायफल, काडतुसं, हातबॉम्ब, रणगाडे उडवायचे सुरुंग, फावडं, तीन दिवसांची शिदोरी. कित्येकांना विमानात चढताना मागून ढकलावं लागलं! पण कमी करणार काय? खाली उतरल्यावर रसद कधी पोचेल, याची खात्री नसते.

एवढं वजन घेऊन जमिनीवर आदळलं तर पाय मोडायचाच. ब्रिटिशांनी त्यावर तोड काढली होती. जड सामान पायाला बांधलेल्या पिशवीत भरायचं आणि पॅराशूट उघडलं की पिशवी दोरीनं खाली सोडायची. ती आधी टेकते, पॅराशूटवरचा भार हलका होतो आणि माणूस जरा सावकाश उतरतो. साधी, पण मला फार आवडलेली युक्ती.

त्या रात्री मात्र ती अनेकांना दगा देऊन गेली. तोफांचा मारा चुकवण्यासाठी वैमानिकांनी वेग वाढवला होता. पॅराशूट उघडतानाच्या हिसक्यानं पिशव्या तुटल्या, अन् मशीनगन, दारूगोळा अंधारात गडप.

पाण्यात पडलेल्यांचे हाल तर विचारू नका. जर्मनांनी मर्डरे नदीकाठची कुरणं बुडवून ठेवली होती. वर गवत वाढलेलं, त्यामुळे हवाई छायाचित्रांत पाणी नीट दिसलंच नव्हतं. ब्रिटिशांच्या पॅराशूटचे पट्टे एका झटक्यात सुटत. अमेरिकनांना एकेक हूक काढावा लागे, नाहीतर सुरीनं पट्टे कापावे लागत. काहीजण उथळ पाण्यातही ओझ्यासकट बुडाले.

तोफा आणि जीप तर माणसाच्या अंगावर बांधता येत नाहीत, त्या वेगळ्या पॅराशूटनं टाकतात. 11 डिसेंबर 1971 ला, बांगलादेश युद्धात, तिथल्या टांगाईलजवळ आपल्या 2 पॅरा या छत्रीधारी बटालियननं तेच केलं. ही पूर्वीची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन बरं का! पुंगली पूल ताब्यात घ्यायचा होता. सामान शेतांत विखुरलं, तेव्हा तिथले गावकरी धावून आले आणि त्यांनी दारूगोळ्याच्या पेट्या वाहून नेल्या.